खोक्यावर काय लिहू?

जिभाऊंनी खोकी आणली तेव्हा वाचनालयात मी एकटीच होते. मे महिना, दुपारचे तीन. त्या वेळेला आमच्या गावात कुत्रंही सावली सोडत नाही. रिक्षावाल्यानं एकेक करत तीन खोकी आत आणली आणि टेबलाशी ठेवली. केळीची खोकी. रावेरकडून परदेशी माल जातो ती, जाड पुठ्ठ्याची, हवा खेळायला बाजूंना गोल भोकं असलेली. वर छापलेलं '१३ किलो'. सुतळीनं करकचून बांधलेली.

"ताई, हे आता तुमच्याकडे राहू द्या. मी गेल्यावर पोरं रद्दीत देतील."

आत काय आहे, मी विचारलं. जिभाऊ जरा थांबले. मग म्हणाले, "आप्पाचं."

आप्पा म्हणजे त्यांचा धाकटा भाऊ. गावात त्यांना सगळे ओळखतात, पण ज्या नावानं ओळखतात ते नाव त्यांच्या पाठीमागेच घेतलं जातं. रोज चार वाजता ते वाचनालयात येतात. खिडकीजवळच्या बाकावर बसून तीन पेपर पहिल्या ओळीपासून छोट्या जाहिरातींपर्यंत वाचतात, घड्या होत्या तशा घालतात आणि साडेपाचला उठतात. मी इथं लागले त्या दिवशी आधीच्या ग्रंथपालांनी कपाटांच्या किल्ल्या माझ्या हातात दिल्या आणि आप्पांकडे मान करून हळूच सांगितलं, "येडा शे, पन तरास देत नही." बारा वर्षं झाली त्याला. पेपरची घडी नीट घालणारे तेवढे एकच वाचक आहेत आमच्याकडे.

१९७९ साली आप्पा बावीस वर्षांचे होते. झोप उडाली. रात्ररात्र गिरणेच्या कोरड्या पात्रातून चालत राहायचे, बोलत राहायचे. आधी भगत झाला, उतारे झाले. मग बुलढाण्याकडचं सैलानी झालं. शेवटी गावातल्या चार शहाण्या माणसांनी जिभाऊंना सांगितलं, पाठवून द्या. 'ठाण्याला पाठवा याला', 'येरवड्यात टाका' असं आपण थट्टेत म्हणतो. पण राज्यातली सरकारी प्रादेशिक मनोरुग्णालयं तेव्हा चार : ठाणे, पुणे, नागपूर, रत्नागिरी. खानदेशात एकही नाही. इथून कुणाला न्यायचं म्हणजे रात्रभराची गाडी, भाकरीचं फडकं, आणि परतीच्या प्रवासात एक माणूस कमी. कुठल्या रुग्णालयात नेलं ते मी इथं लिहीत नाही. आप्पा तिथं सहा वर्षं होते.

जिभाऊ शाळामास्तर. आप्पांना सोडून आले आणि त्यांनी कात्रणं कापायला सुरुवात केली. जे दिसेल ते. पेपरातल्या बातम्या, साप्ताहिकांतले डॉक्टरांचे सल्ले, कोर्टाचे निकाल, कायद्यांच्या झेरॉक्स. पुढे पुतण्या पुण्यात नोकरीला लागला, तो परदेशातल्या चळवळींची माहिती छापून पाठवायचा आणि जिभाऊ शब्दकोश शेजारी ठेवून ती वाचायचे. समासात पेन्सिलीनं मराठी अर्थ लिहिलेले आहेत. काही बरोबर, काही फारच बरोबर.

दान घेतलं की दाखल नोंदवहीत नोंद करावी लागते. तारीख, देणाऱ्याचं नाव, नगांची संख्या, आणि 'विषय'. तीन रकाने भरले आणि चौथ्यापाशी माझं पेन थांबलं.

आमच्याकडे पुस्तकांना विषयाप्रमाणे आकडे देणारी ड्यूई दशांश पद्धत आहे. तीत मनोविकार ६१६.८९ वर, वैद्यकात, इतर रोगांच्या रांगेत. मनोरुग्णांसाठीची समाजसेवा ३६२.२ वर. नागरी हक्क ३२३ वर. आता जिभाऊंचं एक कात्रण घ्या : १९९३ साली शीला बरसे यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, की ज्यानं काही गुन्हा केलेला नाही अशा माणसाला केवळ मनोरुग्ण आहे म्हणून तुरुंगात ठेवणं घटनाबाह्य आहे. हे ६१६ मध्ये ठेवलं तर त्यातला माणूस रोगी होतो, ३६२ मध्ये ठेवलं तर गरजू, आणि ३२३ मध्ये ठेवलं तर नागरिक. कपाटं बदलली की माणूस बदलतो. तेही माझ्या हातानं, तीनशे रुपयांच्या रबरी शिक्क्यानं.

जुन्या कपाटात तर आणखी मजा आहे. तिथली पुस्तकं ड्यूईच्या जुन्या आवृत्तीप्रमाणे लावलेली आहेत. त्यात १३२ म्हणजे मानसिक विकृती आणि लगेच पुढचा १३३ म्हणजे भ्रम, चेटूक, जादूटोणा. मेल्व्हिल ड्यूईनं १८७६ साली अमेरिकेत ही पद्धत काढली, पण हे दोन आकडे मात्र आमच्या भगताला विचारून शेजारी बसवल्यासारखे वाटतात.

वर्गांकाचं पाहू मागाहून, आधी खोक्यावर नाव तरी घालू, असं ठरवलं. तीच चूक झाली. गावात एखाद्या गोष्टीला नाव द्यायचं आहे ही बातमी फुटली की बारशाला लोक जमतात.

अध्यक्षांना 'मानसिक आरोग्य जनजागृती' आवडलं. गोड नाव. कुणाचं काही दुखत नाही. पण जनजागृती म्हटलं की माझ्या डोळ्यांपुढे १० ऑक्टोबरच्या मानसिक आरोग्य दिनाची रांगोळी स्पर्धा आणि फ्लेक्सवरचे साहेबांचे फोटो येतात. खोक्यात तर ६ ऑगस्ट २००१ ची बातमी होती. तमिळनाडूत एरवाडीला दर्ग्याच्या आसऱ्यानं चालणाऱ्या एका खासगी मनोरुग्णगृहाला पहाटे आग लागली आणि २८ माणसं गेली. साखळीनं बांधलेली होती, पळता आलं नाही. ते कात्रण जिभाऊंनी पुठ्ठ्याला चिकटवून ठेवलंय. त्याच्यावर 'जनजागृती' लिहायचं म्हणजे माझा हात धजेना.

आमच्या गावच्या डॉक्टरीणबाई नियमित वाचक आहेत. त्यांनी परदेशी चळवळींचे कागद चाळले आणि म्हणाल्या, "हे मानसोपचारविरोधी साहित्य आहे. तसंच स्पष्ट लिहा. उद्या कुणी हे वाचून गोळ्या बंद केल्या तर?" ही भीती मी हसण्यावारी नेणार नाही. गोळ्या मध्येच सोडून हालात पडलेली माणसं त्यांनी पाहिलेली आहेत. तरीही तो शब्द मला चुकीचा वाटला, आणि का वाटला ते सांगते. इंग्रजीतला 'अँटी-सायकियाट्री' हा शब्द १९६७ साली डेव्हिड कूपर यांनी चलनात आणला, आणि कूपर स्वतः मनोविकारतज्ज्ञ. म्हणजे ते भांडण डॉक्टरांचं आपसातलं. ज्यांना दाखल केलं होतं त्यांनी आपल्या संघटना काढल्या तेव्हा नावं निराळी घेतली. १९७० मध्ये अमेरिकेत पोर्टलंडला 'इन्सेन लिबरेशन फ्रंट', पुढच्या वर्षी न्यूयॉर्क आणि बोस्टनला मानसिक रुग्णांच्या मुक्तीच्या नावानं गट, १९७३ मध्ये लंडनला 'मेंटल पेशंट्स युनियन'. मला विचारल्याशिवाय शॉक देऊ नका, दारं कुलूपबंद करू नका, माझ्याबद्दल ठरवताना मला बसवा, असं त्यांचं म्हणणं. त्यांत गोळ्या घेणारेही होते, न घेणारेही. आप्पा रोज रात्री नऊला गजर लावून गोळी घेतात, आणि त्या सहा वर्षांचा विषय निघाला की उठून निघून जातात. हे दोन्ही एकाच माणसात राहतं. त्याला 'विरोधी' कसं म्हणू?

कॉलेजातले एक प्राध्यापक म्हणाले, "दमनयंत्रणेचे बळी, असं लिहा." आता आमच्याकडे बळी म्हटलं की आधी बळीराजा आठवतो, आणि नाहीतर मेलेला माणूस. आप्पा तर चार वाजता येणार होते.

परदेशातल्या चळवळीतला सगळ्यांत तडफदार शब्द 'सर्व्हायव्हर'. जिभाऊंनी समासात त्याचा अर्थ लिहिलाय : 'वाचलेले'. मी वाचनालयात बसून ते वाचलं आणि मोठ्यानं हसले. मानसोपचारातून वाचलेले! आमच्या इमारतीत या शब्दाचा अर्थ एकच होतो. पुस्तकं वाचलेली असतात, माणसं कुठली वाचायला. मग हसू ओसरलं. कारण त्या माणसांबद्दलची तक्रार नेमकी तीच आहे, त्यांची फाइल सगळ्यांनी वाचलेली असते.

पण गंमत सोडा, 'वाचलेले' हे नाव सगळ्यांना मान्य नव्हतंच. १९८५ साली बाल्टिमोरला सरकारी पैशावर मोठी परिषद झाली, त्या सुमारास अमेरिकेतली चळवळ फाटली. एक बाजू स्वतःला 'ग्राहक' म्हणवू लागली. सेवा मिळावी, चांगली मिळावी, आमच्या मतानं मिळावी. दुसरी म्हणाली, ग्राहक दुकानातून बाहेर पडू शकतो, आम्हाला कुठं पडता येत होतं? १९९१ साली जी जागतिक संघटना झाली तिच्या नावात नुसते 'वापरकर्ते' होते, १९९७ मध्ये नाव बदलून 'वापरकर्ते आणि वाचलेले' असं दोघांनाही जागा देणारं केलं. हे शब्द मराठीत आणले तर आणखी पंचाईत. 'ग्राहक' म्हटलं की किराणा दुकान, आणि सरकारी कागदावर गेला की तोच 'लाभार्थी' होणार. सहा वर्षं कोंडून ठेवलेला लाभार्थी.

या साऱ्या नावांत मला मनापासून आवडलं ते एक फार जुनं नाव. १८४५ साली लंडनमध्ये एक संस्था निघाली : 'अलेज्ड ल्युनॅटिक्स फ्रेंड सोसायटी'. जिभाऊंनी भाषांतर केलंय, 'कथित वेड्यांचे मित्रमंडळ'. गणपती बसवतील असं वाटतं. तिच्या संस्थापकांपैकी जॉन पर्सिव्हल हे १८१२ साली खून झालेल्या ब्रिटिश पंतप्रधान स्पेन्सर पर्सिव्हल यांचे चिरंजीव. ते स्वतः १८३० नंतरची काही वर्षं अशा खासगी वेड्यांच्या घरांत होते. बाहेर आले आणि आत असलेल्यांसाठी भांडले. त्या नावातला 'कथित' हा शब्द पाहा. माणूस वेडा आहे की नाही यावर तो बोलतच नाही. कुणीतरी म्हटलंय, एवढंच नोंदवतो. पावणेदोनशे वर्षांपूर्वी कुणीतरी माझ्याच अडचणीत बसून हा शब्द शोधला असणार.

मग 'कथित' का घेतला नाही? कारण आपल्या पेपरांनी त्याची वाट लावली. 'कथित' म्हटलं की पुढे घोटाळा येतो नाहीतर आरोपी.

आपली मराठी या बाबतीत मोठी लबाड आहे. टोरंटोला १९९३ मध्ये या मंडळींनी अभिमान दिवस साजरा केला, आणि त्यातून पुढे 'मॅड प्राइड' हे नाव पसरलं. वेडे असल्याचा अभिमान! इंग्रजीत ते धाडस असेल, मराठीत तर आपण रोज करतो. पुस्तकवेडा, नाटकवेडा, क्रिकेटवेडा. महानुभावांचे गोविंदप्रभू लोकांच्या लेखी वेडेच होते आणि तेच पंथाला अवतार. धुळ्याला तर इतिहासाच्या वेडानं पछाडलेल्या माणसाच्या नावानं संस्था उभी आहे. पण यातला पुढचा शब्द काढून घेतला, नाटक काढलं, इतिहास काढला, की मागे जो नुसता 'वेडा' उरतो त्याला घरात घेत नाहीत. त्याला शेतात खोपी बांधून देतात.

कायद्यानंही नावं बदलली. १९१२ च्या ल्युनसी अॅक्टात 'ल्युनॅटिक' या शब्दाची व्याख्या 'इडियट किंवा मन ठिकाणावर नसलेली व्यक्ती' अशी आहे; ती पाऊणशेहून अधिक वर्षं चालली. १९८७ मध्ये 'मनोरुग्ण व्यक्ती' आली. २०१७ च्या कायद्यात 'मानसिक आजार असलेली व्यक्ती', आणि तिच्यासोबत हक्क आले : साखळदंड पूर्ण बंद, भूल आणि स्नायू सैल करणारं औषध दिल्याशिवाय शॉक बंद, आणि बरं असतानाच 'मला पुढे काही झालं तर असे उपचार करा, असे करू नका' हे लिहून ठेवण्याची सोय. जपानमध्ये २००२ साली तिथल्या मनोविकारतज्ज्ञांच्या संस्थेनं स्किझोफ्रेनियाचं जपानी नावच बदललं. जुन्या नावाचा अर्थ 'मन दुभंगण्याचा रोग' असा होता, आणि रुग्णाला ते नाव सांगायला डॉक्टरच कचरायचे. ते बदलावं यासाठी रुग्णांच्या नातेवाइकांची संघटना कित्येक वर्षं मागे लागली होती.

नाव वरून येतं की आतून, हे आपल्याला कुणी शिकवायला नको. 'हरिजन' नाकारून 'दलित' घेतला त्याच महाराष्ट्रात आपण राहतो. 'दिव्यांग' आला तेव्हा अनेक अपंग संघटनांनी विचारलं, यात दिव्य काय आहे ते सांगा. २०२३ साली विधवांना 'गंगा भागीरथी' म्हणावं अशी सूचना सरकारदरबारी निघाली आणि चार दिवसांत टीकेनं बारगळली. गोड नाव देणाऱ्याची मला शिवी देणाऱ्यापेक्षा जास्त धास्ती वाटते. शिवी देणाऱ्याला निदान माहीत असतं की आपण शिवी दिली.

ऑगस्टात धुळ्याला जाणं झालं. काम दुसरंच होतं, वेळ उरला म्हणून राजवाडे संशोधन मंडळात गेले. विश्वनाथ काशिनाथ राजवाडे १९२६ च्या अखेरीस गेले आणि लगेच पुढच्या वर्षी धुळेकरांनी हे मंडळ काढलं. राजवाडे आयुष्यभर गावोगाव, वाड्यावाड्यांतून कागद गोळा करत हिंडले. तिथून परतताना एस्टीत माझ्या डोक्यात 'रुमाल' हा शब्द घोळत राहिला. जुने कागद फडक्यात बांधून ठेवायचे, त्या गाठोड्याला आपल्याकडे रुमाल म्हणतात. आणि दप्तरांची नावं? पटवर्धन दप्तर. चंद्रचूड दप्तर. त्यांत काय आहे, लढाई आहे की कर्ज आहे की सोयरीक, हे नावात नाही. कागद कुणाच्या घरातले आहेत, एवढंच. मत द्यायचं नाही, घर सांगायचं. ग्रंथालयशास्त्रातल्या रंगनाथनांनी १९३३ साली कोलन वर्गीकरण मांडताना विषय एकाच खणात कोंबू नका, त्याचे पैलू सुटे करा असं म्हटलं, ते मी परीक्षेपुरतं पाठ केलं होतं. पारोळ्याच्या अलीकडे खड्ड्यात एस्टी आदळली तेव्हा ते मला समजलं.

दुसऱ्या दिवशी खोकी पुन्हा उपसली आणि कात्रणं 'कशाबद्दल' याऐवजी 'कोण बोलतंय' याप्रमाणे लावली. मध्ये पुठ्ठ्याचे दुभाजक. डॉक्टर बोलतात. कोर्ट आणि सरकार बोलतं. पेपरवाले बोलतात. नातेवाईक बोलतात. आणि सगळ्यांच्या पुढे, ज्यांच्यावर उपचार झाले ते स्वतः बोलतात.

नातेवाइकांचा गठ्ठा चांगला जाड झाला. त्यात डॉ. जगन्नाथ वाणींची कात्रणं जिभाऊंनी लाल शाईनं खुणा करून ठेवलेली. वाणी कॅनडात प्राध्यापक होते, पण धुळ्याशी त्यांचं नातं घट्ट, त्यामुळे जिभाऊंना ते आपल्यातले वाटत. पत्नीच्या आजारपणाचा अनुभव पाठीशी घेऊन त्यांनी पुण्यात स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन उभी केली. घरच्यांचा शीण, घरच्यांची लाज, घरच्यांनी काय करावं, हे मराठीत उघडपणे बोललं जायला त्या कामाची फार मदत झाली. पण ती घरच्यांची बाजू आहे, आणि घरच्यांची बाजू वेगळ्या दुभाजकामागेच हवी. जिभाऊ आणि आप्पा एका खोलीत वाढले तरी त्या सहा वर्षांबद्दल ते एकच गोष्ट सांगणार नाहीत.

भार्गवी दावर यांनी मला अडकवलं. पुण्यात १९९९ साली त्यांनी बापू ट्रस्ट सुरू केला. लहानपणी आपल्या आईला अशा संस्थांत ठेवलेलं पाहिलेली मुलगी, पुढे तत्त्वज्ञानाची अभ्यासक, पुढे हक्कांसाठी लढणारी बाई. कुठल्या पुठ्ठ्यामागे ठेवू? शेवटी पुढच्या गठ्ठ्यात ठेवलं आणि नातेवाइकांच्या गठ्ठ्यात एक चिठ्ठी सरकवली, 'हेही पाहा'. ग्रंथपालाकडे एवढंच शस्त्र असतं.

मग मोजलं. तिन्ही खोक्यांत मिळून चारशेच्या वर कागद. पुढच्या दुभाजकामागे, जिथं माणसं स्वतः बोलतात तिथं, सात.

चाळीस वर्षं एका माणसानं भावासाठी कापलेले चारशे कागद, आणि त्यात भावासारखे फक्त सात. जिभाऊंनी निवड केली नव्हती. जे छापलं गेलं ते त्यांनी कापलं. कात्रणं जनजागृती, विरोधी, बळी यांपैकी कुठल्याही नावाखाली एकत्र ठेवली असती तर मला हे कधीच दिसलं नसतं.

त्या सातातलं एक छापील नव्हतं. निळं आंतरदेशीय पत्र होतं. १९८१. अक्षर शाळकरी, ओळी सरळ. 'ति. जिभाऊंस सा. न. वि. वि.' मी तेवढंच वाचायला हवं होतं, पण सगळं वाचलं. मी बरा आहे, झोप येते, डॉक्टर म्हणतात घरून कुणी आलं तर सोडतो. यंदा कपाशी लावली का? मी येडा नाही असे माझे म्हणणे नाही, पण वेचणीला उपयोगी पडेन.

जिभाऊंना फोन केला. बराच वेळ नुसता पंख्याचा आवाज येत होता. "पत्र ८१चं शे," ते म्हणाले. "मी गयो ८५ले."

एरवी माझ्याशी ते शुद्ध मास्तरी मराठी बोलतात.

एकाच्या उपचारांबद्दलचा कागद दुसऱ्यानं सार्वजनिक वाचनालयाला देऊन टाकणं बरोबर नाही. त्या माहितीचं गुपित राखणं हा २०१७ च्या कायद्यानं त्या माणसाला दिलेला हक्क आहे, आणि कायदा नसता तरी पत्र लिहिणाऱ्याला विचारायला हवंच होतं. चार वाजता आप्पा आले. मी पत्र त्यांच्यापुढे ठेवलं. त्यांनी उभ्यानंच वाचलं. दोनदा.

"ह्यात कपाशीचं विचारलं होतं," म्हणाले. "त्याचं उत्तर आलं नाही."

पत्र मूळच्या घड्यांवर दुमडून त्यांनी सदऱ्याच्या खिशात ठेवलं आणि पेपर घ्यायला गेले. मी नोंदवहीत लिहिलं : एक पत्र, लेखकाकडे परत. शेरा लिहिताना मनात काही ठरवलं नव्हतं. रकान्यात दुसरा कुठला शब्द बसेना म्हणून 'लेखक' लिहिला. सातांचे सहा झाले.

खोक्याचं नाव अजून राहिलंच होतं. 'मानसोपचार घेतलेल्या व्यक्ती' असं लिहून पाहिलं. डॉक्टरीणबाईंना चाललं. प्राध्यापक म्हणाले, घेतले कुठं, दिले गेले, लादलेले म्हणा. 'दिलेल्या' म्हटलं तर देणारा पुढे येतो, 'घेतलेल्या' म्हटलं तर घेणाऱ्याची मर्जी गृहीत धरल्यासारखी होते. मग आपलं साधं मराठी क्रियापद सापडलं : झालं. लग्न झालं, ऑपरेशन झालं, बदली झाली. उपचार झाले. राजीखुशीनं झाले की हातपाय धरून, ते यात नाही. हे क्रियापद फार सभ्य नाही, याची मला कल्पना आहे. कुणी केलं ते लपवायचं असलं की सरकारही 'चूक झाली'च म्हणतं. त्यामुळे ते फक्त खोक्याच्या बाहेर. आत पुठ्ठ्यांवर कोण काय म्हणालं ते नावानिशी आहेच.

'मानसोपचार झालेल्यांचे हक्क व चळवळी.' लेबलवर दोन ओळींत जेमतेम बसलं. वर्गांक ३२३ घातला. अध्यक्ष म्हणाले, जरा रुक्ष वाटतं. आप्पांना विचारलं, त्यांनी चष्मा वर करून वाचलं. "लांब शे," म्हणाले. "पन चाली."

आणि जी नावं नाकारली ती फेकली मात्र नाहीत. आमच्याकडे अजून लाकडी खणांतली कार्डं आहेत. प्रत्येक नावाचं एकेक कार्ड केलं. 'वेडे' – पाहा : मानसोपचार झालेल्यांचे हक्क व चळवळी. 'मनोरुग्ण' – पाहा. 'मानसोपचारविरोध' – पाहा. 'मानसिक आरोग्य जनजागृती' – पाहा. अध्यक्षांनाही बरं वाटलं. माणूस आपल्या तोंडात असलेला शब्द घेऊनच दारात येणार, त्याला दारातून परत पाठवून भाषा सुधारत नाही.

गेल्या आठवड्यात कॉलेजचा एक मुलगा आला. पाठीला सॅक, कानात एक बोंडूक. "मॅडम, वेड्यांच्या हॉस्पिटलवर काही आहे का? प्रोजेक्ट आहे, उद्याच द्यायचाय." आवाज सगळ्या खोलीभर. मी खिडकीकडे पाहिलं नाही. 'व'चा खण ओढला, कार्ड दाखवलं, खोकं काढून दिलं. टेबलांवर स्पर्धा परीक्षावाल्यांचा पसारा, जागा फक्त बाकावर. मुलगा खोकं घेऊन तिथं गेला. आप्पांनी पेपरची घडी घातली आणि सरकून बसले.

मुलानं झाकण काढलं, पुठ्ठे पाहिले, आणि कुठून सुरू करावं कळेना म्हणून नुसताच बसून राहिला.

"पुढलं काढ," आप्पा त्याला म्हणाले. "थोडंच शे. लवकर व्हई."